सगळ्यांचं बीपी १३०/८० कसं काय?

आमच्या अ‍ॅपमध्ये बीपीचे आकडे यायला लागले तेव्हा ऑफिसात सगळे खूश. आणि खूश होण्यासारखंच होतं, सत्तरी-पंचाहत्तरीची माणसं रोज सकाळी मशीन लावतायत, आकडा टाकतायत, अजून काय पाहिजे. मी जरा खाली खाली जाऊन बघितलं तर बऱ्याच जणांचे आकडे १३० आणि ८०, नाहीतर १२० आणि ८०. रोज. आता डिजिटल मशीन असं गोल गोल काही देत नाही, ते १३७/८४ देतं, १२९/७६ देतं. पाऱ्याच्या मशीनवर डॉक्टर शेवटी शून्य धरून सांगायचे ते वेगळं, पण डिजिटलला शून्याचं प्रेम असायचं काही कारण नाही. म्हणजे माणसं एकतर मशीन न लावताच आकडा टाकत होती, किंवा लावून भलताच टाकत होती. का, ते कळायला बराच वेळ लागला आणि त्याच्या आधी बाकीचं पुष्कळ कळलं, म्हणून क्रमानेच सांगते.

मी पुण्यात एका छोट्या कंपनीत डिझाईनचं काम करते. प्रॉडक्ट म्हणजे बीपीचं मशीन आणि त्याच्यासोबत मोबाईलचं अ‍ॅप, त्यात बीपीची नोंद आणि गोळ्यांची आठवण. विकत घेणारा मुलगा नाहीतर मुलगी, बहुतेक करून बाहेर असलेले, न्यू जर्सी, बे एरिया, लंडन, गेला बाजार बंगलोर. वापरणारे आईवडील कोथरूडला, सांगलीला, साताऱ्याला. पैसे एकाचे आणि बोट दुसऱ्याचं, पुढचं सगळं रामायण त्यातूनच आलं.

मला स्वतःला या विषयात ओढलं ते कोविडमधल्या ऑक्सिमीटरने. तेव्हा घरोघरी ते चिमट्यासारखं यंत्र आलं होतं आणि ९५ च्या खाली गेलं की डॉक्टरांना फोन करा हे सगळ्यांना पाठ झालं होतं. आमच्या बिल्डिंगमधल्या एका आजींच्या घरून रात्री फोन, ८६ दाखवतंय म्हणून. धावत गेलो तर आजी मस्त गप्पा मारतायत, दम नाही, खोकला नाही, काही नाही. आकडा वाचणारे आजोबा समोरच्या खुर्चीत बसले होते, म्हणजे उलट्या बाजूला. मशीनवर इंग्रजी आकडे असतात ना, ते ९८ कागदावर इंग्रजीत लिहा आणि कागद उलटा फिरवून बघा काय दिसतं. ९९ चं तर ६६ होतं. बऱ्याच मॉडेलना आकडा फिरवायची सोय असते, बटण दाबून, पण हे सांगितलंय कुठे, तर आतल्या मुंगीच्या अक्षरातल्या कागदावर. आजोबांची काय चूक सांगा त्यात. त्या रात्रीपासून मी मशीन हातात आलं की पहिल्यांदा उलटं धरून बघते, आता सवयच लागलीये.

तर अ‍ॅपचं काम. पुण्यात जवळपास प्रत्येक भागात ज्येष्ठ नागरिक संघ आहे, त्यातल्या एकाने आम्हाला त्यांचा कार्यक्रम झाल्यावर बसायची परवानगी दिली. अट एकच, चहा आमच्याकडून. मी फोन, बीपीचं मशीन आणि बिस्किटं घेऊन जायचे. सुरुवातीला मी आपलं विचारायचे, काका, कसं वाटलं? त्यावर उत्तर ठरलेलं, "छान आहे हो, छान केलंयस." एवढ्या लांबून पोरगी आलीये, बिस्किटं आणलीयेत, तिला वाईट कोण म्हणणार. त्यामुळे मग विचारणं बंद केलं आणि काम द्यायला लागले. "काका, आज सकाळची गोळी घेतली असं यात टाका बघू," आणि मग तोंड बंद ठेवून बसायचं. हे गप्प बसणं फार अवघड आहे. समोर माणूस चुकीच्या जागी बोट नेतोय आणि आपण नुसतं बघत बसायचं, हात शिवशिवतात नुसते.

घरी जाऊन बघायचं असलं तर एक नियम मी फार कडक ठेवला, मुलगा-सून-नातवंडं खोलीत नकोत. कारण मुलगा असला की अर्ध्या मिनिटात "बाबा, द्या इकडे" होतं आणि फोन बाबांच्या हातातून जातो. परत तो बाबांच्या हातात येतो तेव्हा काम झालेलं असतं आणि बाबांना काहीही समजलेलं नसतं. हे मी माझ्या घरी पण करते, म्हणून चांगलं माहितीये.

माणसं तिघं-चौघं कायम आठवतात. नावं सांगत नाही. एक निवृत्त मुख्याध्यापिका, सगळे त्यांना बाई म्हणतात. बाईंना फोन दिला की त्या स्क्रीन वरपासून खालपर्यंत पूर्ण वाचायच्या, अगदी खालच्या कोपऱ्यातला व्हर्जन नंबरसुद्धा, आणि वाचून झाल्याशिवाय बोट लावायच्या नाहीत. आम्ही लोक असं धरून चालतो की माणूस स्क्रीन वाचत नाही, नुसती नजर फिरवतो आणि रंगीत बटण दाबतो. तर बाई सगळं वाचायच्या आणि वाचून झाल्यावर म्हणाल्या, "दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय. शुद्धलेखन चुकलेला मेसेज आला की मी तो फ्रॉड समजते." हे ऐकून आमचे डेव्हलपर हसले पण बाईंचं बरोबर होतं, खोटे मेसेज तसेच असतात. त्यानंतर अ‍ॅपमधला प्रत्येक शब्द बाईंच्या नजरेखालून जायला लागला, त्यांनी मानधन घेतलं नाही, लाल पेन मात्र मागून घेतलं.

दुसरे बँकेतले काका, कॅशियर म्हणून रिटायर झालेले. यांनी मला बोटाचा विषय शिकवला. टचस्क्रीनला बोटातून थोडी वीज वाहायला लागते, त्यावरच ती चालते, आणि वय झालं की बोटाची कातडी कोरडी पडते, टोकं गुळगुळीत होतात, मग तीच स्क्रीन चार वेळा दाबली तरी दाद देत नाही. सहसा काय होतं, माणूस अजून जोरात दाबतो, अजून वेळ दाबून धरतो, आणि फोनला वाटतं हा लाँग प्रेस आहे, भलताच मेनू उघडतो, माणूस घाबरून फोन खाली ठेवतो. काकांचं असं होत नव्हतं. मी बघत बसले का होत नाही ते, तर काका प्रत्येक वेळी स्क्रीनला हात लावायच्या आधी बोट ओठाला लावत होते, नोटा मोजताना ओल्या स्पंजला लावतात तसं, इतक्या वर्षांची सवय. बोट ओलं, त्यामुळे स्क्रीन लगेच चालायची. त्यांच्या हे ध्यानीमनीही नव्हतं. स्क्रीन लाळेने माखलेली असायची ते सोडा.

दर नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, २०१४ पासून तो जीवन प्रमाणवर बोटाच्या ठशाने देता येतो, पण हीच गुळगुळीत बोटं तिथेही अडतात, आणि म्हणून २०२१ मध्ये चेहरा दाखवून द्यायची सोय आली तेव्हा संघाच्या कट्ट्यावर तिचं केवढं कौतुक होतं. तंत्रज्ञान म्हाताऱ्यांना झेपत नाही म्हणणाऱ्यांनी ते ऐकायला पाहिजे होतं. झेपतं. त्यांच्या शरीराला धरून केलं की झेपतं.

आम्ही मग बटणं मोठी केली, दोन बटणांमधली मोकळी जागा वाढवली (जागा जास्त महत्त्वाची निघाली, थरथरता हात नेमका शेजारच्या बटणावर पडतो), आणि अ‍ॅपमधून लाँग प्रेस हा प्रकारच काढून टाकला, कितीही वेळ दाबून धरा, साधं दाबणंच समजायचं. एकाच बटणावर लागोपाठ दोन-तीन वेळा बोट पडलं तर पहिलंच मोजायचं. हे तुमच्या घरीही थोडंफार करता येतं बरं का, अँड्रॉइडमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत गेलात की टच अँड होल्ड डिले म्हणून सेटिंग आहे, ते लाँगवर ठेवा, आईबाबांचा निम्मा वैताग कमी होईल. आणि खाली ती तीन बटणं परत आणून द्या, कडेवरून बोट सरकवून मागे जायचं हे कुणाला सुचलं देव जाणे.

डोळ्यांचं सगळ्यांना वाटतं की फॉन्ट मोठा केला की झालं. नाही होत. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, मोतीबिंदू तर वेगळाच, त्यामुळे फिकट करड्यावर निळसर अक्षरं, जी आमच्यासारख्या डिझायनर लोकांना फार सोज्वळ वगैरे वाटतात, ती त्यांना दिसतच नाहीत. वेबसाठी जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यात साध्या अक्षराला मागच्या रंगाशी निदान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट सांगितलाय. आम्ही सरळ पांढऱ्यावर काळं केलं आणि विषय मिटवला, दिसायला सरकारी फॉर्मसारखं दिसतं पण दिसतं तरी.

फॉन्टची खरी मजा पुढे आहे. बहुतेक आजी-आजोबांच्या फोनवर मुलांनी आधीच अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलेली असतात. आमच्या गोळीच्या स्क्रीनवर शेजारी शेजारी दोन बटणं होती, एक "गोळी घेतली" आणि दुसरं "गोळी घेतली नाही". ऑफिसातल्या फोनवर एकदम व्यवस्थित. सांगलीत एका काकूंच्या फोनवर बघितलं तर अक्षर मोठं असल्यामुळे बटणात मावत नव्हतं आणि फोनने आपापलं कापून टाकलं होतं, डावीकडे "गोळी घेत…" आणि उजवीकडे पण "गोळी घेत…". काकू आळीपाळीने दाबायच्या. एक दिवस हे, एक दिवस ते. म्हणाल्या, "दोन्हीकडे तेच लिहिलंय, मला वाटलं सोय म्हणून दिलंय." त्यांनी गोळ्या रोज घेतल्या होत्या, बिलकुल चुकवल्या नव्हत्या, पण आमच्या हिशोबात त्या एक दिवसाआड विसरत होत्या, आणि तसा मेसेज त्यांच्या मुलीला जात होता, आणि मुलगी तिकडून फोनवर आईला झापत होती. आता एकच बटण आहे, स्क्रीनभर रुंद. घेतली की दाबायचं. नाही घेतली तर दाबायचंच नाही, त्याला वेगळं बटण कशाला.

आवाजाबद्दल थोडक्यात. वय वाढलं की आधी जातात ते चढे, बारीक स्वर, आणि नेमका मशीनचा टीं टीं तसाच असतो. अमेरिकेत तर झोपायच्या खोलीतल्या फायर अलार्मसाठी मुद्दाम ५२० हर्ट्झचा खर्जातला आवाज नियमात घातलाय, बारीक आवाजाने माणसं उठत नाहीत म्हणून. आम्ही पण खाली उतरलो. मधल्या काळात माणसाच्या आवाजात "आजी, गोळी घ्यायची वेळ झाली" असं बोलणारं पण करून बघितलं, ऑफिसात सगळ्यांना फार आवडलं होतं ते. कट्ट्यावर एका आजींनी दोन वाक्यांत निकाल लावला, "हळदीकुंकवाला बायका बसल्यात आणि हा बोंबलतोय गोळी घ्या म्हणून. चारचौघात माझ्या गोळ्यांचा हिशोब कशाला?" काढलं. आता नुसता घंटेचा खर्जातला ठोका आहे, तो कशाचा आहे हे आजींनाच माहिती.

ओटीपीवर एक वेगळा लेख होईल. गेली काही वर्षं आपण सगळ्यांनी मिळून घरातल्या मोठ्यांना एकच गोष्ट बजावलीये, ओटीपी कुणालाही सांगू नका, कुठेही टाकू नका. मध्यंतरी फोन लावला की आधी तेच ऐकू यायचं, पेपरात तेच, बँकेत तेच. आणि मग आमचं अ‍ॅप उघडलं की पहिल्याच पानावर काय, तर ओटीपी टाका! एसटीतून रिटायर झालेले एक कंडक्टर आजोबा आहेत, त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "ताई, तुम्ही चांगल्या घरच्या दिसता, पण हे जमायचं नाही." माझ्या मते ते शंभर टक्के बरोबर वागले. त्यात अजून भर म्हणजे ब्लूटूथ. आमचं मशीन ब्लूटूथने आकडा आपोआप पाठवू शकतं, पण अँड्रॉइड ११ पर्यंतच्या फोनवर ब्लूटूथचं यंत्र शोधायलासुद्धा लोकेशनची परवानगी मागावी लागायची, आणि मुलाचे जुने फोन वापरणारे आजी-आजोबा पुष्कळ. बीपी बघायला माझा पत्ता कशाला, असा साधा प्रश्न, आणि त्याला साधं उत्तर नाही. त्यामुळे बरेच जण परवानगी नाकारायचे आणि आकडा हाताने टाकायचे. तिथूनच ती १३०/८० ची वाट मोकळी झाली.

शेवटी आम्ही असं केलं की लॉगिन एकदाच, घरातल्या माणसाने किंवा संघातल्या कार्यकर्त्याने समोर बसून करून द्यायचं, बॉक्सवरचा क्यूआर स्कॅन करून, आणि नंतर अ‍ॅप कधीच बाहेर काढून टाकत नाही. सिक्युरिटीवाल्यांनी कुरकुर केली. पण बँकेचं अ‍ॅप आणि बीपीचं अ‍ॅप यात फरक आहे की नाही?

गोळ्यांच्या वेळा हा माझा सगळ्यात आवडता भाग. पहिल्या डिझाईनमध्ये घड्याळ होतं, गोल फिरवून आठ वाजले, साडेआठ वाजले असं लावायचं. कुणालाच जमेना, आणि मुख्य म्हणजे गोळी आठ वाजता घ्यायची असं कुणी डॉक्टर सांगत नाही. डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात १-०-१. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. मेडिकलवाला पाकिटावर तेच लिहितो. शाळेची पायरी न चढलेल्या आजींनासुद्धा ते वाचता येतं. इतकी वर्षं ही सोय सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे आणि आम्ही कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅपचं घड्याळ घेऊन बसलो होतो! मग तीन मोठे चौकोन केले, त्यात एक किंवा शून्य किंवा अर्धी, आणि खाली जेवणाआधी की जेवणानंतर. थायरॉईडवाल्यांसाठी वर एक चौथा चौकोन, उठल्या उठल्या उपाशीपोटी. वेळ आम्ही विचारत नाही, पहिल्या आठवड्यात माणूस कधी बटण दाबतो त्यावरून अ‍ॅप आपलं आपण समजून घेतं.

गोळीचं नाव हा अजून एक घोळ. नाव कुणी घेत नाही, "ती गुलाबी", "ती छोटी", "साखरेची". मेडिकलमधून दहाच गोळ्या हव्या असल्या की तो पट्टी कात्रीने कापून देतो आणि नाव, एक्स्पायरी डेट दुसऱ्याच्या वाट्याच्या तुकड्यावर जाते. वर पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीची दिली की गुलाबी होती ती पांढरी होते, आणि आजी म्हणतात ही माझी नव्हेच. आम्ही फोटो काढायची सोय दिली, गोळी तळहातावर ठेवून फोटो. रंग बदलला तर नवा फोटो काढायचा आणि खाली तेच नाव राहतं. हे तेवढं चालतंय.

उपास! चतुर्थीला चंद्र उगवल्यावर जेवण, म्हणजे रात्री नऊ-साडेनऊ. "जेवणाआधी" ची साखरेची गोळी मग कधी घ्यायची? काही जण सकाळीच घेतात आणि दिवसभर काही खात नाहीत, ते धोक्याचं, कारण साखरेच्या काही गोळ्या पोट रिकामं असलं तरी साखर खाली आणतच राहतात, चक्कर येते, घाम फुटतो. काही जण गोळीलाही उपास घडवतात. आम्ही काही डॉक्टर नाही, त्यामुळे अ‍ॅपने सल्ला द्यायचा नाही असं ठरलं, पण तिथीचा हिशोब तर कळतो, म्हणून चतुर्थी-एकादशीच्या दोन दिवस आधी एक ओळ येते, उपास करणार असाल तर साखरेच्या गोळीचं डॉक्टरांना विचारून घ्या. ही ओळ आमच्या बंगलोरच्या टीमला समजावून सांगायला एक अख्खी मीटिंग गेली.

आता ते १३०/८०. कंडक्टर आजोबांच्या घरी गेले होते, साताऱ्याजवळ. अ‍ॅपमध्ये त्यांचा आकडा कायम १३०/८०. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर भिंतीवर कालनिर्णय, आणि त्यातल्या तारखांच्या चौकोनात बारीक पेन्सिलीने १४६/८८, १५२/९०, १३९/८४. दूध अर्धा लिटर जादा, गॅस लावला, आणि त्याच्याच शेजारी बीपी. खरे आकडे सगळे तिथे होते. महिना संपला की ते पान फाडून डॉक्टरांकडे नेत होते, गेली कित्येक वर्षं. मी विचारलं, आजोबा, मग अ‍ॅपमध्ये हे का नाही टाकत? आजोबा जरा गप्प बसले आणि आजींनीच उत्तर दिलं, "जादा टाकलं की पोराला मेसेज जातोय. मग त्यो तिकडनं रात्री-अपरात्री फोन करतोय, मीठ खाल्लं का, लोणचं खाल्लं का, चालायला गेला का नाही. म्हातारा वैतागतोय." आजोबा म्हणाले, "त्याला तिकडं नोकरी करू दे की सुखानं."

म्हणजे माणूस आळशी नव्हता, विसराळू नव्हता, मोबाईल न समजणारा तर अजिबात नव्हता. उलट अ‍ॅप त्याला इतकं नीट समजलं होतं की कुठला आकडा टाकला की फोन येत नाही हे त्याने शोधून काढलं होतं. नंतर कट्ट्यावर सहज विषय काढला तर एकेक जण हसत कबूल व्हायला लागला. बाई सुद्धा! बाईंनी तर सांगितलं की त्या अधूनमधून १२८ टाकतात, खरं वाटावं म्हणून.

ऑफिसात हे सांगितलं तेव्हा वातावरण गंभीर झालं, कारण मुलाला मेसेज हीच आमच्या जाहिरातीतली पहिली ओळ होती. पैसे भरणाऱ्याला तेच पाहिजे होतं. मी म्हटलं, ज्याला मेसेज जातोय तो मेसेज खोटा आहे, मग आपण नक्की विकतोय काय? बरीच वादावादी झाली. मुलांची काळजी खोटी नसते, हे मलाही मान्य आहे, माझे स्वतःचे आईवडील कोल्हापूरला आहेत. पण आपल्या शरीराचा रिपोर्ट परस्पर पोराकडे जाणं, आणि त्याने आपल्यालाच दटावणं, हे ज्या माणसाने आयुष्यभर घर चालवलं त्याला कसं चालेल? जो शेवटी मार्ग निघाला तो असा की मुलाला आकडा जात नाही, "आज बघितलं" एवढंच जातं. आकडा दाखवायचा की नाही ते आई किंवा बाबा ठरवणार, कुणाला दाखवायचा तेही, आणि कधीही बंद करणार. डॉक्टरांसाठी महिन्याचं एक पान निघतं, थेट कॅलेंडरसारखे चौकोन, ते छापता येतं.

आकडा जास्त आला तर अ‍ॅप आधी त्या माणसालाच सांगतं, पाच मिनिटं शांत बसा आणि परत बघा. जिना चढून आल्या आल्या, बोलता बोलता, पाय लोंबकळत ठेवून पलंगावर बसून, स्वेटरच्या बाहीवर पट्टा बांधून, असं बीपी घेतलं की ते जास्तच येणार. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि तोंड बंद. तोंड बंद हे फार अवघड जातं, काकू लोकांना तर विचारूच नका. परत बघूनही १८०/१२० च्या वर असलं आणि छातीत दुखतंय, दम लागतोय, बोलताना जीभ जड होतेय असं काही असलं, तर मात्र १०८ चं मोठं बटण येतं, आणि तेव्हा मुलालाही कळतं. ही एक जागा सोडून त्यांचं त्यांच्याकडे. हे केल्यावर आकडे लगेच वाईट दिसायला लागले, १४८, १५३, १४१. आमच्या साहेबांना धक्का बसला, मला बरं वाटलं. घरी घेतलेल्या बीपीची सकाळ-संध्याकाळची सरासरी १३५/८५ च्या वर असेल तर ते जास्त धरतात, आणि तसे आमच्याकडे बरेच निघाले, आधी ते सगळे कागदावर ठणठणीत होते.

मध्ये कुणीतरी ऑफिसात म्हातारपणाचा अनुभव घेण्यासाठी चष्म्याला व्हॅसलीन फासून आणि जाड हातमोजे घालून फोन वापरायचा खेळ काढला होता. यात नवीन काही नाही, अमेरिकेत पॅट्रिशिया मूर नावाची डिझायनर १९७९ ते १९८२ या काळात म्हातारीचं सोंग घेऊन, कान बंद करून, पाय बांधून गावोगाव फिरली होती, तेव्हा ती सव्वीस-सत्तावीसची होती. तिने वर्षानुवर्षं केलं. आमच्या पोरांनी दहा मिनिटात हातमोजे काढून ठेवले आणि जेवायला गेली. माझं मत विचाराल तर त्यापेक्षा कट्ट्यावर जाऊन चहा पाजा. व्हॅसलीनमुळे अक्षर पुसट दिसतं, पण पोराचा फोन येईल म्हणून आकडा खोटा टाकावासा नाही वाटत.

सध्या डोक्याला ताप आहे तो एक फोन आणि दोन माणसं याचा. बऱ्याच घरात स्मार्टफोन एकच, तो आजोबांचा, आणि मशीनही आजोबांच्या नावाने आलेलं. आजींचं बीपी कुणी बघतच नाही, आणि बघितलं तर ते आजोबांच्या नावावर चढतं. एका घरात सकाळी ११८ आणि पाच मिनिटांनी १६२ असं दिसत होतं, मी घाबरले, ते नवराबायको निघाले. आता अ‍ॅप उघडलं की दोन फोटो येतात, ज्याचं बीपी त्याने आपल्या फोटोवर बोट ठेवायचं. ते जमतंय, पण त्यातून पट्ट्याचा प्रश्न आला. सोबत येणारा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी असतो. आजोबा काटकुळे, त्यांना बरोबर बसतो. आजींचा दंड ३५, त्यावर तोच पट्टा ओढूनताणून बांधला की आकडा उगाचच वर जातो, आणि मग बीपी आहे म्हणावं की पट्टा लहान आहे म्हणावं? म्हणून आता सुरुवातीलाच दोघांच्या दंडाचा घेर विचारतो आणि लागला तर मोठा पट्टा वेगळा पाठवतो, जादा पैसे न घेता. माप कशाने घेणार अशी ऑफिसात चर्चा चालली होती, बॉक्समध्ये कागदी टेप द्यायची का, तिचा खर्च किती. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, शिवणाच्या डब्यात असते की टेप प्रत्येकीच्या, फक्त इंचात नका विचारू म्हणजे झालं, नाहीतर ब्लाऊजचं माप सांगतील.